एकच मेटल डिटेक्टर, जमिनीवरही आणि पाण्यातही: प्रश्न पाण्याचा कमी, मिठाचा जास्त

तुम्ही विचारले आहे की मैदाने आणि शेतजमीन यांवर चालेल, तळ्यात नेता येईल आणि अधूनमधून समुद्रातही उतरवता येईल असा एकच मेटल डिटेक्टर घ्यायचा असेल तर कोणता घ्यावा. तुमच्यासमोर दोन पर्याय आहेत: एक, 3 मीटरपर्यंत जलरोधक असलेले, एकाच फ्रिक्वेन्सीवर (म्हणजे दर सेकंदाच्या कंपनांच्या एकाच संख्येवर) चालणारे यंत्र, आणि दुसरे, पाणबुडे वापरतात ते पल्स इंडक्शन पद्धतीचे, म्हणजे प्रवाहाचे झटके सोडून मधल्या क्षणी ऐकणारे यंत्र. तुमचा निम्मा वेळ जमिनीवर जाणार आहे, पुढच्या वर्षी स्कूबा, म्हणजे हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणे, शिकण्याचा विचार आहे, आणि शोध मुख्यतः हरवलेले दागिने आणि नाणी यांचा आहे. दोन यंत्रे घेण्याची तयारी नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितले आहे आणि ते बरे झाले, कारण उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

मी गेली 16 वर्षे लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देण्याचे काम करते. त्यातले निम्म्याहून अधिक काम पाण्यातले असते, कधी गुडघाभर, कधी गळ्याइतक्या, तर कधी सिलिंडर पाठीवर बांधून उतरावे लागते अशा पाण्यातले. या काळात माझ्या हातून बरीच यंत्रे गेली आणि काही चुका मी स्वतःच्या पैशाने शिकले. त्या अनुभवावरून सांगते की बहुतेक जण हा प्रश्न “जमीन की पाणी” असा मांडतात आणि तिथेच निवड चुकते. यंत्राच्या दृष्टीने गोडे पाणी हे जवळजवळ हवेसारखेच असते. यंत्राला अडचण होते ती मिठाची. म्हणून विभागणी करायची असेल तर एका बाजूला जमीन आणि गोडे पाणी, आणि दुसऱ्या बाजूला समुद्राचे पाणी व त्याने भिजलेली वाळू, अशी करावी. पाणी किती खोल, हा त्यानंतरचा आणि पूर्णपणे वेगळा प्रश्न आहे.

हे असे का होते ते थोडे सविस्तर सांगते, कारण कारण समजले की जाहिरातीतल्या शब्दांनी गोंधळ होत नाही. नेहमीचा डिटेक्टर कॉइलमधून, म्हणजे दांडीच्या टोकाच्या तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून, बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतो. त्या क्षेत्रात धातू आला की त्यात भोवरे घेणारे प्रवाह तयार होतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र परत येते आणि कॉइलचा दुसरा भाग ते टिपतो. पण प्रवाह वाहण्यासाठी धातूच लागतो असे नाही. वीज वाहून नेणारे काहीही पुरते. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता दर मीटरला साधारण 5 सीमेन्स असते आणि गोड्या पाण्याची त्याच्या शेकडो पटींनी कमी. म्हणजे खाऱ्या पाण्यात यंत्राला सगळीकडूनच एक पातळ, पसरलेला, धातूसारखा प्रतिसाद मिळत राहतो. तो प्रतिसाद कशासारखा दिसतो, तर अॅल्युमिनियमच्या पातळ फॉइलसारखा किंवा सोन्याच्या नाजूक साखळीसारखा. पुढचे सगळे त्रास या एका गोष्टीतून निघतात.

आता जमिनीचा स्वतःचाही एक प्रतिसाद असतो. मातीत आणि विशेषतः काळ्या वाळूत मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते; ते चुंबकीय असल्याने यंत्राच्या क्षेत्राला वेगळ्या प्रकारे वाकवते. ग्राउंड बॅलन्स करताना आपण यंत्राला सांगत असतो की हा मातीचा प्रतिसाद आहे, याकडे दुर्लक्ष कर. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या यंत्राला असे दुर्लक्ष एका वेळी एकाच गोष्टीकडे करता येते. मातीकडे करायला सांगितले तर मीठ ओरडते, मिठाकडे करायला सांगितले तर माती ओरडते. एका समीकरणातून दोन अज्ञात संख्या काढता येत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. कोरड्या वाळूत किंवा तळ्यात अज्ञात संख्या एकच असते, म्हणून तिथे हे यंत्र उत्तम चालते आणि विकत घेणाऱ्याला वाटते की पाण्याचा प्रश्न सुटला.

समुद्रकिनाऱ्यावर मात्र एक साधा प्रयोग करून पाहा. एकफ्रिक्वेन्सी यंत्र कोरड्या वाळूवर फिरवत फिरवत लाटेच्या रेषेकडे जा. कोरड्या भागात यंत्र शांत असते. ओली, घट्ट वाळू सुरू झाली की सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्र किती क्षीण सिग्नल ऐकते ती पातळी, दोन घरे खाली आणावी लागते. लाट कॉइलखाली सरकली की यंत्र एकदम बडबडू लागते, लाट परतली की पुन्हा वेगळ्या सुरात बडबडते. कॉइल दोन बोटे वर उचलली तरी आवाज, खाली टेकवली तरी आवाज. शेवटी सेन्सिटिव्हिटी इतकी उतरवावी लागते की यंत्र शांत होते खरे, पण तळहाताच्या खोलीवरची अंगठीही त्याला ऐकू येत नाही. सततच्या खोल पाण्यापेक्षा ही लाटेची पट्टी यंत्रासाठी जास्त कठीण असते, कारण तिथे कॉइलभोवतीचे मीठ दर काही सेकंदांनी बदलते. आणि लोकांच्या अंगठ्या सर्वाधिक पडतात त्या नेमक्या याच पट्टीत, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

यावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करणारे यंत्र. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना मीठ, मॅग्नेटाइट आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रतिसाद देतात, त्यामुळे यंत्राकडे एकाऐवजी अनेक समीकरणे येतात आणि मीठ व माती दोन्ही वजा करून उरलेला धातू दाखवता येतो. येथे एक सावधगिरीची सूचना. “अनेक फ्रिक्वेन्सी” या शब्दाखाली दोन अगदी वेगळी यंत्रे विकली जातात. काही यंत्रांत तीन-चार फ्रिक्वेन्सी दिलेल्या असतात, पण त्यांतली एक निवडून त्या वेळी त्या एकीवरच काम करावे लागते. निवड करता येते ही सोय चांगली आहे, पण मिठाच्या दृष्टीने ते यंत्र एकफ्रिक्वेन्सीच राहते. तुम्हाला हवे आहे ते “एकाच वेळी” अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारे. खरेदी करताना हा एक शब्द तपासलात तरी माझे लिहिणे सार्थकी लागले असे मी समजेन.

दुसरा उपाय म्हणजे पल्स इंडक्शन. हे यंत्र सतत क्षेत्र सोडत नाही. कॉइलमधून क्षणभर जोरदार प्रवाह सोडते, तो झटक्यात तोडते आणि मग काही मायक्रोसेकंद थांबून ऐकते. खाऱ्या पाण्यातले प्रवाह फार लवकर विरतात, त्यामुळे यंत्र ऐकू लागेपर्यंत मीठ गप्प झालेले असते आणि धातूतले प्रवाह मात्र अजून मंदपणे ओसरत असतात. मातीतल्या खनिजांचाही या पद्धतीला फारसा त्रास होत नाही. काळी वाळू आणि खारे पाणी एकत्र असेल, तर पल्स इंडक्शनच्या खोलीशी बरोबरी करणारे यंत्र मला अजून मिळालेले नाही.

मग ते सरळ का घेऊ नये? कारण ते लोखंड आणि सोने यांत जवळजवळ फरक करत नाही. काही यंत्रांत कचरा गाळण्याची थोडी सोय असते, पण ती वापरली की त्याच प्रतिसादाच्या चांगल्या वस्तूही त्याबरोबर जातात. समुद्राच्या तळाशी, जिथे वस्तू विरळ असतात आणि वाळू हाताने बाजूला सारता येते, तिथे प्रत्येक सिग्नल खणणे परवडते. जमिनीवर परवडत नाही. मी एकदा हट्टाने माझे पल्स इंडक्शन यंत्र एका जुन्या मैदानावर नेले होते, एका गृहस्थांची चावी शोधायला. दोन तासांत मी 40 खड्डे केले आणि त्यांतून खिळे, केसांच्या पिना, तारेचे तुकडे आणि बाटल्यांची झाकणे यांशिवाय काही निघाले नाही. तेच मैदान दुसऱ्या दिवशी लोखंड ओळखणाऱ्या यंत्राने चाळले तेव्हा चावी पाऊण तासात मिळाली. तुमचा निम्मा वेळ जमिनीवर जाणार आहे म्हटल्यावर एकमेव यंत्र म्हणून पल्स इंडक्शनची शिफारस मी करणार नाही. ते उत्तम दुसरे यंत्र आहे.

एक गोष्ट दागिन्यांच्या बाबतीत आधीच मान्य करायला हवी, कारण तिच्यामुळे पुष्कळांची निराशा होते. अंगठी हे डिटेक्टरसाठी अतिशय सोयीचे लक्ष्य आहे. तिचे वर्तुळ अखंड असते, प्रवाह त्यात विनाअडथळा फिरतो आणि छोटी अंगठीसुद्धा मोठा प्रतिसाद देते. तीच अंगठी कापली किंवा तिचा सांधा सुटला की वजन तेवढेच राहूनही सिग्नल खूप क्षीण होतो. नाजूक साखळीची गत तर आणखी वाईट असते: यंत्राला संपूर्ण साखळी दिसत नाही, एकेक कडी सुटी दिसते, आणि एकेक कडी म्हणजे जवळजवळ काहीच नाही. त्यातून वर सांगितल्याप्रमाणे मिठाचा प्रतिसाद नेमका अशा पातळ सोन्याच्या शेजारी बसतो. म्हणून समुद्रात यंत्र जितके शांत करावे तितकी नाजूक साखळी हातची जाते. पल्स इंडक्शनमध्येही हेच होते. मीठ विरेपर्यंत थांबावे तर पातळ सोन्यातला प्रवाहही तोवर विरून जातो. ही निसर्गाची अट आहे आणि कोणतेही महागडे यंत्र ती पूर्णपणे मोडत नाही. साखळीचा शोध असेल तर मी लोकांना आधी विचारते की तिला पदक होते का, अडकवण्याचा हूक मोठा होता का. कारण पुष्कळदा सापडते ते पदक किंवा हूक, आणि साखळी त्याच्यामागून येते.

तुमचे पाण्यातले सगळे काम तळ्यात आणि नदीतच होणार असते, तर मी तुम्हाला पहिला पर्याय बिनदिक्कत घ्यायला सांगितला असता. 10 ते 15 किलोहर्ट्झच्या आसपासचे चांगले एकफ्रिक्वेन्सी जलरोधक यंत्र गोड्या पाण्यात कोणत्याही महाग यंत्राच्या जवळपास काम करते, वापरायला सोपे असते आणि बॅटरीही पुष्कळ चालते. नवख्या माणसाला तर मी उलट तेच सुचवते. पण तुम्ही समुद्र म्हटले आहे, वर्षातून चार वेळाच का होईना, आणि त्या चार वेळांसाठी ते यंत्र अपुरे पडेल.

आता खोलीकडे वळते. “जलरोधक” या शब्दाचा अर्थ प्रत्येक यंत्रात वेगळा असतो. पुष्कळ यंत्रांत फक्त कॉइल जलरोधक असते आणि कंट्रोल बॉक्स, म्हणजे पडदा आणि बटणे असलेला डबा, नसतो. म्हणजे काठावर उभे राहून कॉइल बुडवता येते, पण पाय घसरला की सगळे संपले. माझे पहिले यंत्र असेच होते. मांडीइतक्या पाण्यात उभी असताना मागून आलेली लाट मला कळलीच नाही, बॉक्स भिजला आणि त्याच संध्याकाळी त्याच्या पडद्यावरचे आकडे एकेक करून पुसले गेले. विक्रेत्याने मला “पाण्यात चालते” एवढेच सांगितले होते आणि ते खोटेही नव्हते. कोणता भाग पाण्यात चालतो, हे मी विचारले नव्हते.

यंत्रावर लिहिलेले आयपी 67 किंवा आयपी 68 हे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचे आकडेही नीट वाचावेत. 67 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटे, एवढेच. 68 म्हणजे त्याहून जास्त, पण किती जास्त ते उत्पादक स्वतः सांगतो. म्हणून 68 या आकड्यापेक्षा शेजारी मीटरमध्ये लिहिलेली खोली महत्त्वाची. पाण्याचा दाब दर 10 मीटरला सुमारे एका वातावरणाइतका वाढतो, त्यामुळे 3 मीटरवर निर्धास्त असलेले सील 10 मीटरवरही टिकेल असे अजिबात नाही. शिवाय ही खोली स्थिर पाण्यातली असते. आपण कॉइल जोरात फिरवतो, बॉक्स दगडावर आदळतो, सील जुने होते. मी नेहमी लिहिलेल्या खोलीचा शेवटचा एक तृतीयांश भाग राखीव समजते. 3 मीटरचे यंत्र चालत जाऊन शोधण्यासाठी, 5 मीटरचे यंत्र स्नॉर्केलने (तोंडात धरायच्या श्वासनळीने) पृष्ठभागावरून बुड्या मारण्यासाठी, आणि सिलिंडर घेऊन उतरायचे असेल तर किमान 20 मीटरचे, असा माझा हिशेब आहे. स्नॉर्केल लावून उतरणारा माणूस नकळत 3 मीटरच्या आसपास सहज जातो, त्यामुळे 3 मीटरचे यंत्र घेऊन पोहू नये, हे मी जरा आग्रहानेच सांगते.

एका गोष्टीचा उल्लेख माहितीपुस्तिकेत बहुधा बारीक अक्षरात असतो. उन्हात तापलेले यंत्र एकदम थंड पाण्यात बुडवू नये. आतली गरम हवा आकुंचन पावते, आत दाब कमी होतो आणि ज्या सीलमधून एरवी थेंब गेला नसता तिथून पाणी ओढले जाते. सावलीत दहा मिनिटे ठेवून, वर ओला कपडा टाकून मगच ते पाण्यात न्यावे.

पाण्याखाली आवाज कसा ऐकणार, हा विचार खरेदीआधी क्वचितच कोणी करतो. वायरलेस हेडफोन जमिनीवर अतिशय सुखाचे असतात, पण ब्लूटूथसारख्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरच्या पुढे टिकत नाहीत. डोके पाण्याखाली जाणार असेल तर तारेचे, जलरोधक हेडफोन लागतातच, आणि ते पुष्कळदा यंत्रासोबत मिळत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात. ज्या यंत्रांत कॉइल आणि रिमोट यांचा संवादच बिनतारी असतो, त्यांना पाण्याखाली त्या दोघांमध्ये जोडणारी एक अँटेना-तार लावावी लागते. ती विसरलात तर यंत्र बुडताच मुके होते. काही यंत्रांत हातात कंप जाणवण्याची सोय असते. गढूळ पाण्यात, डोक्यावर जाड हूड (कानांसकट झाकणारी टोपी) घातलेले असताना, तिचा मला खूप उपयोग झाला आहे.

वजनाचाही हिशेब उलटतो. जमिनीवर हलके यंत्र चांगले, कारण दंड दुखत नाही. पाण्यात हलकी कॉइल तरंगते आणि तुम्ही अर्धा वेळ तिला खाली दाबण्यात घालवता. पाण्यात हातातून सोडले तर ना वर येणारे ना झपकन बुडणारे यंत्र सर्वांत चांगले. कॉइलवर शिसे बांधून हा दोष काढता येत नाही, कारण शिसे हाही धातूच आहे आणि यंत्राला तो दिसतो. दांडी लहान करता येते का, हेही पाहावे. उभे राहून शोधताना लांब दांडी हवी, आडवे पोहताना ती कोपरापासून हातभर असली तरी पुरे. कॉइल भरीव तबकडीसारखी नसून मधे पोकळ असेल तर पाण्याचा अडथळा कमी होतो आणि तास-दीड तासाने हातात जो फरक जाणवतो तो विलक्षण असतो. पाणबुड्याने चाकू, बकल आणि कमरेची वजने कॉइलच्या टप्प्याबाहेर आहेत याची खात्री आधीच करावी. मी एका बुडीत माझ्या पिंडरीला बांधलेल्या चाकूचाच सिग्नल वीस मिनिटे शोधत होते.

जाहिरातीतल्या शोधखोलीच्या आकड्यांकडे मी लक्ष देत नाही आणि तुम्हीही देऊ नये. यंत्राचे क्षेत्र वस्तूपर्यंत जाताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि परत येताना पुन्हा तितकेच. म्हणून छोट्या वस्तूचे अंतर दुप्पट झाले की प्रतिसाद सुमारे 64 पटींनी घटतो. यंत्राची शक्ती दुप्पट केली तरी खोलीत जेमतेम आठवा भाग वाढतो. नाण्याएवढ्या वस्तूसाठी कॉइलच्या व्यासाइतकी खोली मिळाली तर यंत्र चांगले चालते आहे असे समजावे. पाण्यात याचा एक थेट अर्थ आहे: कॉइल तळापासून चार बोटे वर तरंगत राहिली तर ती चार बोटे तुमच्या खोलीतून वजा झाली. महागड्या यंत्राने जे मिळत नाही ते कॉइल तळाला टेकवून, सावकाश फिरवल्याने मिळते.

नावे घेऊनच सांगा असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून उदाहरणादाखल काही घेते. गॅरेटचा एटी प्रो हे 15 किलोहर्ट्झचे एकफ्रिक्वेन्सी यंत्र सुमारे 3 मीटरपर्यंत चालते. जमीन आणि गोडे पाणी यांसाठी ते विश्वासू आहे, ओल्या खाऱ्या वाळूत दमते. मायनलॅबचा 2018 साली आलेला इक्विनॉक्स 800 एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतो आणि 3 मीटरपर्यंत चालतो. त्याच्या नंतरचा इक्विनॉक्स 900 हा 5 मीटरपर्यंत चालतो. एक्सपी कंपनीचा ड्यूस 2 त्याच प्रकारचा असून 20 मीटरपर्यंत नेता येतो आणि जमिनीवर तो माझ्या हातातले सर्वांत हलके यंत्र आहे. वर सांगितलेली अँटेना-तार त्यालाच लागते. मायनलॅबचा एक्सकॅलिबर 2 हे 60 मीटरपर्यंत जाणारे, पडदा नसलेले, केवळ सुरांवरून धातू ओळखायला लावणारे पाणबुड्यांचे जुने यंत्र, आणि 5 व 15 किलोहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींचा फिशर सीझेड-21 हे 75 मीटरपर्यंतचे. दोन्ही समुद्रात भक्कम आहेत, पण कचऱ्याने भरलेल्या मैदानात त्यांचा जडपणा आणि संथपणा जाणवतो. पल्स इंडक्शनमध्ये गॅरेटचा सी हंटर मार्क 2 सुमारे 60 मीटरपर्यंत जातो. यांतली काही यंत्रे आता जुनी झाली आहेत आणि नवी येत राहतील; नाव बदलले तरी तपासायच्या गोष्टी त्याच राहतात.

तुमच्यापुरते बोलायचे तर तुम्ही सांगितलेल्या दोन्ही पर्यायांपैकी एकही मी घेणार नाही. पहिला समुद्रात अडेल, दुसरा जमिनीवर. तुमच्यासाठी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारे, लोखंड नीट वेगळे करणारे आणि संपूर्णपणे, म्हणजे बॉक्ससकट, बुडवता येणारे यंत्र योग्य आहे. किती मीटरचे घ्यायचे ते स्कूबा शिकण्याच्या विचारावर ठरते. तो विचार पक्का असेल, शुल्क भरले असेल, तारीख ठरली असेल, तर 20 मीटरचे घ्या. “जमले तर पाहू” असा असेल, तर 5 मीटरचे घ्या आणि उरलेले पैसे तारेचे हेडफोन, वाळू उपसायचा चांगला स्कूप आणि पिनपॉइंटर यांवर खर्च करा. पुढे खरोखर पाणबुडे झालात आणि समुद्रातच रमलात, तर त्या वेळी पल्स इंडक्शनचे दुसरे यंत्र घेण्याची इच्छा तुम्हाला आपोआप होईल आणि तोवर ते कशासाठी हवे हेही कळलेले असेल.

पिनपॉइंटर म्हणजे खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारी हातातली छोटी कांडी. तिची खोली यंत्राच्या खोलीशी जुळणारी हवी, हे लोक विसरतात. गॅरेटचा प्रो-पॉइंटर एटी 6 मीटरपर्यंत आणि नोक्ताचा पल्सडाइव्ह 60 मीटरपर्यंत चालतो. यंत्र 20 मीटरचे आणि कांडी 6 मीटरची, अशी जोडी घेऊ नका. स्कूपच्या बाबतीत, उभ्याने शोधायचे असेल तर लांब दांड्याचा, भोकांचा, स्टेनलेस स्टीलचा स्कूप हवा. आडवे पोहताना मात्र तो निरुपयोगी ठरतो आणि तळहाताने पाणी हलवून वाळू उडवणे हेच सर्वांत चांगले खोदकाम असते.

बॅटरी आत बंद असलेल्या यंत्रांत एक सोय आणि एक अडचण असते. उघडायचे झाकण नसल्याने पाणी शिरण्याची एक वाट कमी होते, पण दिवसाच्या मध्यात बॅटरी बदलता येत नाही, आणि थंड पाण्यात ती लिहिलेल्या वेळेच्या आधी संपते. चार्जिंगचे धातूचे टोक समुद्रानंतर गोड्या पाण्याने धुवून, पुसून, पूर्ण कोरडे झाल्यावरच चार्जरला जोडावे. ओले असताना जोडले की तिथे हिरवट थर चढतो आणि काही महिन्यांत चार्जिंग थांबते. वापरलेले यंत्र घेणार असाल तर सर्वांत आधी हे टोक पाहा. मागच्या मालकाने यंत्र कसे सांभाळले ते तिथे कळते. बॅटरीचे झाकण असेल तर ओ-रिंगवर (झाकण घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्यावर) वाळूचा एक कण किंवा एक केस राहिलेला नाही ना, हे बोट फिरवून पाहावे आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा.

परवानगीचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, तरी लिहिते. जमीन असो वा पाणी, कोणाची मालकी आणि कोणता कायदा लागू आहे हे आधी पाहावे, कारण काही देशांत डिटेक्टर वापरण्यासाठीच परवाना लागतो. किमान 100 वर्षे पाण्याखाली राहिलेल्या, मानवी अस्तित्वाच्या खुणा असलेल्या वस्तू युनेस्कोच्या 2001 च्या करारानुसार सांस्कृतिक वारसा मानल्या जातात, आणि त्या शक्यतो जागच्या जागी राहू देणे हाच पहिला पर्याय धरला जातो. जुन्या जहाजाचे लाकूड, भांडी किंवा एकाच प्रकारची अनेक जुनी नाणी दिसली तर मी हात लावत नाही. जागा नोंदवते, फोटो काढते आणि संबंधित खात्याला कळवते. जागेवरून हललेल्या वस्तूसोबत तिची अर्धी माहिती कायमची जाते.

यंत्र घरी आल्यावर लगेच समुद्राकडे धावू नका. आधी एका रुंद बादलीत किंवा टबात बॉक्स अर्धा तास बुडवून ठेवा आणि बुडबुडे येतात का पाहा. बाहेर काढून पडद्याच्या आतल्या कडांना वाफ धरली आहे का तेही पाहा. मग एका साध्या अंगठीला आणि एका पातळ साखळीला प्रत्येकी हातभर रंगीत दोरा बांधा. कोरड्या मातीत, तळ्याच्या काठी आणि समुद्राच्या ओल्या वाळूत त्या एक वीत खोल पुरा, दोऱ्याचे टोक वर ठेवा, आणि प्रत्येक ठिकाणी सेन्सिटिव्हिटी एकेक घर बदलत अंगठी कुठे ऐकू येते आणि साखळी कुठे हरवते ते वहीत लिहून ठेवा. मग लाटेच्या पट्टीत हेच करा, पण तिथे दोरा मनगटाला बांधा. माझी एक अंगठी अशा चाचणीतच गेली होती आणि ती शोधायला मला तीन ओहोट्या लागल्या.